दंड भरला, चाबूक तोच!

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वाटा बैलगाड्यांनी भरून जातात. चढावर अडलेली गाडी, गुडघे टेकलेला बैल आणि त्याच्या पाठीवर पडणारा चाबूक हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. पाहून मान वळविलेलीही असते. एखाद्याने धैर्य करून तक्रार केली आणि गुन्हा शाबीत झाला, तर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड होतो. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षे उलटली की सराईत गुन्हेगारही कायद्याच्या दृष्टीने पुन्हा नवखा! जनावर ठार मारल्यास वा निकामी केल्यास भारतीय न्याय संहितेखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरे. परंतु रोजच्या छळाला १९६० चाच कायदा लागू पडतो.

या कायद्यातील खरे शस्त्र म्हणजे कलम २९. दोषी माणसाने यापुढे जनावर बाळगू नये, असा आदेश न्यायालय देऊ शकते. तथापि त्यासाठी तीन अटी आहेत. जनावराचा पुन्हा छळ होण्याचा संभव पूर्वीच्या शिक्षेवरून वा अन्य पुराव्यावरून दिसला पाहिजे. तशी मागणी मूळ तक्रारीतच केलेली असली पाहिजे. आणि ते जनावर पाळण्यास परवाना लागतो अशाच क्षेत्रात गुन्हा घडलेला असला पाहिजे. खेड्यातला बैल कोणत्या परवान्यावर पाळला जातो? शस्त्र दिले, पण म्यानातून निघू नये अशी तजवीजही करून ठेवली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

जोतिबाच्या ‘सुंदर’ हत्तीची कथा कोल्हापूरकरांच्या स्मरणात असेल. २००७ साली तो देवस्थानास अर्पण झाला. त्याच्या छळाच्या तक्रारींनंतर २०१२ साली राज्य शासनाने त्याच्या मुक्ततेचा आदेश दिला. तरीही २०१३ मध्ये त्याला मारहाण होत असल्याचे चित्रीकरण बाहेर आले. अखेर २०१४ साली उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांच्या निर्णयांनंतर तो बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे पोहोचला. हत्तीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारे लोक भेटले. बैलासाठी कोण जाणार?

त्याच २०१४ साली बैलांच्या शर्यती व जल्लीकट्टूविषयीच्या निकालात, संसदेने या कायद्यातील शिक्षा परिणामकारक कराव्यात, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने व्यक्त केली. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदाही प्रसिद्ध केला. महाराष्ट्राने २०१७ साली शर्यतींपुरती दुरुस्ती करून अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद ठरविली. शर्यतीच्या बैलासाठी जे राज्याला सुचले, ते ओझ्याच्या बैलासाठी का सुचू नये?

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाडीवान हा उचल घेऊन आलेला, खेपेवर पोट भरणारा गरीब माणूस असतो. जबर दंड त्यालाच चिरडील. म्हणूनच केवळ दंडाचा आकडा फुगविणे हा उपाय नव्हे. १९६५ च्या नियमांनी ओझ्याची मर्यादा आणि दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, हे ठरवून दिले आहे. गाडीचे वजन तर कारखान्याच्या काट्यावर नोंदले जातेच. ती नोंद पुरावा मानावी आणि मर्यादेबाहेरचा माल वारंवार स्वीकारणाऱ्यासही जबाबदार धरावे. कलम २९ मधील परवान्याची अट काढून टाकावी, तीन वर्षांची मुदत वाढवावी आणि दोषी ठरलेल्यांची नोंद जिल्ह्याजिल्ह्यांत उपलब्ध असावी. एका तालुक्यातील शिक्षा दुसऱ्या तालुक्यात अज्ञात राहिली, तर दुसरा गुन्हा कधी सिद्धच होणार नाही.

बेंदराला आपण बैलाची शिंगे रंगवितो, त्याला पुरणपोळी भरवितो. तो एक दिवस सोडला तर उरलेल्या दिवसांची काळजी कायद्याने वाहावयाची आहे. त्या कायद्याने त्याच्या वेदनेची किंमत आजवर पन्नास रुपये लावावी, ही लाज बैलाची नव्हे, आपली आहे.