गोल गोळी, टोकदार गोळी

घरचे ओतकाम : 9 जुलै 1776 रोजी न्यूयॉर्कमध्ये जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला. कनेक्टिकटमधील लिचफिल्ड गावी त्याचे तुकडे वितळवून बायका-मुलांनी बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. त्यांची नोंदलेली संख्या आहे 42,088.

गोल गोळीची मर्यादा : गोल गोळी हवेत लवकर वेग गमावते. शिवाय ती बंदुकीच्या नळीच्या व्यासापेक्षा थोडी लहान असे. त्यामुळे आतल्या आत आपटत बाहेर पडे आणि लांबचा नेम चुके.

मिनिए गोळी : फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांची 1849ची गोळी लांबट, शंकूच्या टोकाची आणि पोकळ बुडाची होती. बार उडताच बूड फुलून नळीतल्या सर्पिल खाचांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई. अमेरिकी यादवी युद्धात (1861–65) या मऊ, जड गोळ्यांनी हाडांचा चुरा केला; असंख्य सैनिकांचे हातपाय कापावे लागले.

टोकदार गोळी : फ्रान्सने 1898 मध्ये टोकदार, मागे निमुळती ‘बाल डे’ गोळी स्वीकारली. हवेचा अवरोध घटला, पल्ला वाढला. अमेरिकेनेही 1906 मध्ये सुमारे 14 ग्रॅमची बोथट गोळी सोडून 9.7 ग्रॅमची टोकदार गोळी घेतली.

बुडबुड्याचा दोष : ओतताना शिशात हवा अडकली, तर गुरुत्वमध्य अक्षावरून सरकतो. फिरणारी गोळी मग डगमगते आणि भरकटते. यंत्रावर दाबून घडवलेल्या गोळ्यांत हा दोष कमी असतो. अचूकतेतली ही प्रत्येक प्रगती माणसांच्या देहांवर उमटली, हे विसरता कामा नये.