पाण्याची पाळी आणि माणसाची मूल्ये

जुलैत पावसाने दडी मारली की भंडारा जिल्ह्यात रोवणी अडते. पऱ्हे टाकून महिना होत आलेला असतो. आणखी दिवस गेले तर रोप जून होते आणि फुटवे कमी धरते. तलावात पाणी असते, पण तुडुमातून, म्हणजे तलावाच्या दारातून, सोडलेले पाणी आधी बांधाजवळच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जाते. आपली बांधी भरल्यावर वरच्या शेतकऱ्याने पाणी खाली जाऊ द्यावे, असे त्याला वाटते ते रक्तातून की संस्कारातून? वाटा दोघांचाही आहे, मात्र प्रत्येकाचे काम वेगळे.

आधी रक्ताचे पाहू. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडले, की नातलगांत आपल्यातली काही जनुके असतातच. त्यामुळे त्यांच्यासाठी सोसलेली झळ जनुकांच्या हिशेबात वाया जात नाही. रॉबर्ट ट्रायव्हर्सने १९७१ मध्ये पुढचा प्रश्न सोडवला: नाते नसलेल्यांचे काय? तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटणार असतील आणि फुकटखाऊ ओळखता येत असेल, तर ‘आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या’ हा व्यवहार टिकतो. आपल्यावर अन्याय झाला की येणारा रागही माणसाचा एकट्याचा नाही. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांच्या २००३ च्या प्रयोगात, शेजारणीला द्राक्ष मिळताना पाहून कॅपुचिन माकडिणी एरवी आवडीने खातात ती काकडी नाकारू लागल्या.

पण हा राग स्वतःला कमी मिळाल्याचा. दुसऱ्याला किती द्यावे, हे त्यातून ठरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी १५ छोट्या समाजांत एक खेळ मांडला. एकाच्या हाती रक्कम द्यायची. त्यातला वाटा त्याने दुसऱ्याला देऊ करायचा. दुसऱ्याने तो नाकारला तर दोघांचेही हात रिकामे. पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी पावभाग देऊ केला, इंडोनेशियातल्या लामालेरा गावाने निम्म्याहून अधिक. माचिगेंगा कुटुंबे बहुतांशी आपापले पोट भरतात. लामालेराचे लोक नावा घेऊन एकत्र देवमाशाच्या शिकारीला जातात आणि मांस ठरल्या हिश्श्यांनी वाटतात. जिथे एकट्याने भागत नाही, तिथे वाटणीची रीत पक्की होते.

धानाचे आणि तलावाचे तसेच आहे. इथल्या कोहळी समाजाने नावलौकिक मिळवला तो तलाव बांधण्यात. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी निघून जायला सलंग, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला पाणकर. बांध्यांच्या तोंडांशी फिरून पाणी कुणाकडे वळवायचे आणि कुठे थांबवायचे, हे तो पाहायचा. पाळीचा नियम कुणी पाठ करून घेत नसे. बापाच्या मागे धुऱ्यावरून चालणारे पोर पाहायचे, की पाळी मोडणाऱ्याला चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. शरमेची जाणीव जन्मजात असते. ती कशाची वाटावी, हे गाव शिकवते. साधने सामाईक असली तरी लोक स्वतःच नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा व्यवस्थांवरून दाखवले आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले.

व्यवस्था हलली की मूल्यही हलते. मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची सत्ता, १९५० च्या कायद्याने गेली आणि त्यांच्याकडचे तलाव सरकारकडे आले. या ‘माजी मालगुजारी’ तलावांना लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणू लागले. पुष्कळ तलावांत गाळ साचला, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. गावकऱ्यांची जनुके काही बदलली नव्हती. पाळ कुणी राखायची, याचे उत्तर मात्र पूर्वीसारखे सरळ उरले नाही. अर्थात जुनी रीत सगळ्यांना सारखी नव्हती. मालगुजाराचा शब्द वरचढ होता, आणि भूमिहीनाला पाण्याची पाळी कुठली?

इथेच या यंत्रणेची काळी बाजू दिसते. आपल्यांना जपण्याची ओढ उपजत आहे. ‘आपले’ कोण, हे समाज ठरवतो. याच जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने ठार मारले. त्या जमावातली माणसेही आपापल्या घरात, जातीत एकमेकांना धरून असणारच. जिव्हाळा होता, पण त्याचे कुंपण जातीपाशी संपत होते.

म्हणून मूल्यांचा तिसरा उगम महत्त्वाचा: माणसांनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याआधी चार वर्षे लागू झालेल्या, त्यांच्याच पुढाकाराने घडलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ होती. नात्याबाहेरच्या, जातीबाहेरच्या, कधीही न भेटणाऱ्या माणसालाही आपला मानायला ती सांगते. हॅमिल्टन आणि ट्रायव्हर्स यांच्या हिशेबात हे आपोआप बसत नाही, आणि गावाची रीतही ते आपणहून शिकवत नाही. ते ठरवावे लागते, आणि पाळीसारखेच मोडणाऱ्याला जाब विचारून राखावे लागते.