आठ मैलांचा फाटा

शेगावच्या फलाटावर उतरलेली माणसं थेट गजानन महाराजांच्या मंदिराची वाट धरतात. मला मात्र त्या फलाटावरून पुढचं स्टेशन आठवतं, जलंब. तिथून खामगावकडे रेल्वेचा फाटा जातो. लांबी जेमतेम आठ मैल. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

एवढ्याशा रुळांसाठी व्हाइसरॉय? कारण कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांची रुई अडली आणि साहेबाचा डोळा वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेला. १८६७ साली मुख्य मार्ग नागपूरला पोचला, पण खामगावची बाजारपेठ बाजूलाच राहिली. गठाणी बैलगाड्यांनी जलंबला न्यायच्या, आणि पाऊस लागला की चाकं आसापर्यंत रुतायची. शेवटी सरकारनं फाटा टाकला, चालवायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे दिला. पुढं आलेली यवतमाळची शकुंतला रेल्वे अरुंद रुळांची. हा मात्र पहिल्यापासून रुंद. खामगावात भरलेला डबा जलंबला रिकामा न करता तसाच मुंबईला जावा, एवढाच त्यातला हिशेब. महाराज शेगावात प्रकटले १८७८ साली. म्हणजे फाटा त्यांच्याआधीचा!

लहानपणी या फाट्यावरच्या गाडीत मला प्रवासापेक्षा खामगावचा मुक्काम आवडायचा. रूळ तिथं संपतात, मग इंजिन परतणार कसं? खलाशी दोन डब्यांच्या... नव्हे, इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधे शिरायचा. व्हॅक्यूमचा पाइप सुटताना फुस्स व्हायचं. मग तो जड हूक उचलून काढायचा आणि हात हलवायचा. मोकळं झालेलं इंजिन थोडं पुढं जायचं, सांधा पडायचा, की शेजारच्या रुळावरून सगळ्या डब्यांना वळसा घालून ते मागच्या टोकाला येऊन हलकेच टेकायचं. त्या धक्क्यानं बाकावरची म्हातारी माणसं दरवेळी दचकायची. परतताना टेंडर पुढं, धुराडं मागं. ड्रायव्हर मान वळवून कोळशाच्या ढिगावरून रूळ बघायचा.

खामगावच्या पुढं जालन्यापर्यंत रूळ न्या, ही मागणी माझ्या आजोबांच्या तोंडीही होती. वाटेत बुलढाण्याचा घाट आहे, आणि घाटापेक्षा अवघड फायली आहेत.

पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा करते, तेव्हा हजारो माणसं तिच्याबरोबर पायी निघतात. आईही जायची. गाडीनं का येत नाहीस विचारलं, तर म्हणायची, "जलंबले गाडीची वाट पाहत बसण्यापरीस चाललेलं बरं."