हळदीचा पिवळा पडद्यावर खरा दिसावा म्हणून

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या शेतकरी गटाने स्वतःच्या नावाची पाकिटं काढायची ठरवली, तर लेबल बहुधा जवळच्याच डीटीपीच्या दुकानात तयार होईल. तिथला मॉनिटर रंग चुकीचे दाखवत असेल, तर पाकिटावरची हळद आतल्या हळदीशी जुळणार नाही.

पडद्यावर पिवळ्याचा वेगळा ठिपका नसतो. लाल आणि हिरवा एकत्र पेटले आणि निळा जवळजवळ विझला, की डोळ्याला पिवळा दिसतो. हळदीसाठी यात लाल थोडा जास्त लागतो. मॉनिटर ‘कूल’ सेटिंगवर असेल, तर नेमका लालच कमी पडतो आणि हळद लिंबासारखी हिरवट दिसते. मग डिझायनर फाइलमध्ये लाल वाढवतो, छापताना मॅजेंटा शाई जास्त पडते आणि लेबल नारिंगी होऊन येतं. बोलणी मात्र प्रेसवाल्याला बसतात.

रंग जुळवण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. खिडकीचं ऊन पडद्यावर येऊ देऊ नका. विंडोजची ‘नाइट लाइट’ बंद करा, मॉनिटरच्या मेनूतून ‘विविड’ आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ काढून टाका. कलर टेम्परेचर 6500 केल्विन ठेवा. तो आकडा नसेल, तर ‘एसआरजीबी’ मोड निवडा. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये मांडलेलं हे मानक आजही बहुतेक फोटो आणि पडदे पाळतात.

आता विंडोजच्या शोधपट्टीत ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ शोधून ते उघडा. पहिली पायरी गॅमाची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा किती उजळ दिसतात त्याची. वर्तुळांच्या मधोमध बारीक ठिपके दिसतात. ते जवळजवळ नाहीसे होईपर्यंत पट्टी सरकवा. ब्राइटनेससाठी कोट घातलेल्या माणसाचं चित्र येतं. त्याच्या मागच्या काळ्या भागातली फुली जेमतेम दिसायला हवी, आणि कोट शर्टापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. कॉन्ट्रास्ट वाढवताना पांढऱ्या शर्टाच्या चुण्या आणि बटणं पुसली जाता कामा नयेत.

शेवटी येतात राखाडी पट्ट्या, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. पिवळ्या रंगावर मॉनिटर जुळवायला जाऊ नका. डोळा त्याला लगेच सरावतो. राखाडीत मात्र हिरवट, लालसर किंवा निळसर झाक पटकन कळते. ज्या रंगाची झाक दिसेल त्याची पट्टी थोडी मागे घ्या.

सगळं झाल्यावर लेबलची एक प्रत छापा आणि खऱ्या हळकुंडाच्या पुडीशेजारी ठेवून सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका.

डोळ्याने एवढंच साधतं. याहून अचूक काम कलरीमीटर करतो. पडद्यावर टेकवलेलं हे छोटं यंत्र रंग मोजून मॉनिटरचं प्रोफाइल बनवतं. एकट्या दुकानदाराला ते महाग वाटेल, पण चार-पाच जणांनी मिळून एक घेतलं तर सगळ्यांचे मॉनिटर आळीपाळीने मोजून होतील. वसमत-हिंगोलीतल्या डीटीपीवाल्यांनी याचा जरूर विचार करावा.