पायाखालचे लंबवर्तुळ

व्यायाम म्हटला की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तालीम उभी राहते. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले, त्या मुलखातली आपण माणसे. घाम गळाला नाही आणि अंगाला माती लागली नाही, तर तो व्यायाम कसला, असे आपल्याला वाटते. उत्तरेला थोडे गेले की औंध लागते. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार हेच जणू राज्याचे एक खाते करून टाकले होते. अशा या भागात, कुपवाडच्या एखाद्या दोन-तीन खोल्यांच्या घरात, कपाटाशेजारी एक यंत्र उभे आहे आणि घरातली पन्नाशीची गृहिणी त्यावर जागच्या जागी चालते आहे, हे पाहून पुष्कळांना हसू येते. पण हसण्याआधी तिच्या गुडघ्यांची चौकशी करावी.

सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ साली झाली, तरी कुपवाडचा तोंडवळा मुख्यतः औद्योगिक वसाहतीचाच राहिला आहे. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर दुचाक्या आणि मालमोटारी यांच्यामधून वाट काढत फिरायला जायचे म्हणजे आरोग्यापेक्षा जिवाचीच काळजी. एप्रिल-मे महिन्यांत नऊ वाजताच ऊन चटका देऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. वाचायला हे सोपे आहे. पण ज्याचे गुडघे जिना उतरताना कुरकुर करतात त्याने धावावे कसे, आणि बैठका तरी माराव्या कशा? म्हणून मग लोक दुकानात जातात. तिथे ज्याला ‘क्रॉस ट्रेनर’ किंवा ‘एलिप्टिकल’ म्हणतात ते यंत्र त्यांना दाखविले जाते. किंमत पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. एवढा पैसा घालायचा तर घेतो ते काय आहे, हे आधी समजून घेतलेले बरे.

एलिप्स म्हणजे लंबवर्तुळ. शाळेत दोन टाचण्या आणि दोऱ्याचा फास घेऊन आपण ते काढले होते. आता ते पायाखाली कसे आले पाहा. मिरज जंक्शनवर ज्यांनी वाफेची इंजिने पाहिली असतील त्यांना ती लांब लोखंडी दांडी आठवेल. तिचे एक टोक सरळ मागेपुढे सरकायचे, दुसरे टोक चाकाबरोबर गोल फिरायचे. मग दांडीच्या मधल्या भागावर एखादी माशी बसली असेल तर तिचा मार्ग कोणता? तो ना सरळ, ना गोल. लांबट, थोडासा अंड्यासारखा. आपल्या यंत्राची रचना बहुधा हीच असते. दांडीचे एक टोक क्रँकला जोडलेले, दुसरे रुळावर घरंगळणारे किंवा झोक्यासारखे टांगलेले आणि मध्ये पेडल. त्या माशीच्या जागी आपण उभे राहायचे. पेडल क्रँकजवळ असेल तर वाट अधिक गोल होते आणि जिना चढल्यासारखे वाटते. लांब असेल तर वाट चपटी होते आणि चालल्यासारखे वाटते. अमेरिकेतल्या प्रीकॉर कंपनीने १९९५ साली हे यंत्र बाजारात रूढ केले, आणि पाच-दहा वर्षांत ते व्यायामशाळांतून घराघरांत शिरले.

त्याची मोठी कीर्ती अशी की यात सांध्यांना धक्का बसत नाही. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडतात आणि मग सगळे शरीर एका पायावर आदळते. त्या क्षणी जमिनीकडून पायाला मिळणारा उलटा जोर वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. या यंत्रावर पाऊल पेडल सोडतच नाही, त्यामुळे आदळणे नाही. इथवर दुकानदार सांगतो ते बरोबर. परंतु धक्का निराळा आणि भार निराळा, हे तो सांगत नाही. उखळात मुसळ मारणे हा धक्का. डोक्यावर पाटी घेऊन उभे राहणे हा भार. धक्का गेला म्हणून भार जात नाही.

हा भार प्रत्यक्ष मोजला गेला आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही रुग्णांना असे कृत्रिम गुडघे बसविले की त्यांतच बळ मोजण्याची सोय होती, आणि त्यांच्याकडून निरनिराळे व्यायाम करवून घेतले. २००८ साली प्रसिद्ध झालेले ते आकडे बोलके आहेत. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो. धिम्या धावण्यात तो तिपटीच्या वर जातो. लंबवर्तुळी यंत्रावर सव्वादोन पटींच्या जवळपास. आणि बैठ्या सायकलवर? एक-सव्वा पट! रुग्ण मूठभरच होते, तेव्हा हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धावण्याच्या मानाने हे यंत्र गुडघ्याला पुष्कळच सौम्य. चालण्याच्या मानाने थोडेसेच. आणि सायकलच्या मानाने चांगलेच जड.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला चालताना त्रास होत नाही पण धावता येत नाही, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ज्याचे फिरणे बंद पडते, त्याने हे यंत्र जरूर घ्यावे. ज्याला चालतानाच गुडघा दुखतो, त्याने आधी अस्थितज्ज्ञाला विचारावे. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव हाकेच्या अंतरावर असताना आळस कशाला? पुष्कळदा अशा माणसाला निम्म्या किमतीची बैठी सायकलच अधिक मानवते. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे असे काही असेल तर हृदयाची तपासणी आधी, यंत्र मागाहून. आणि ज्याचे गुडघे ठणठणीत आहेत व घराजवळ मोकळे पटांगण आहे, त्याने पैसे वाचवावे आणि चालावे!

घ्यायचेच ठरले, तर पहिली गोष्ट पाहायची ती पावलाची लांबी. पेडल पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत किती इंच जाते, ते. स्वस्त यंत्रांत ती दहा-बारा इंचच असते. चांगल्या यंत्रांत अठरा ते वीस. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला चौदा ते सोळा इंच, मध्यम उंचीला सोळा ते अठरा आणि त्याहून उंचांना अठरा ते वीस, असा एक ठोकळ हिशेब सांगतात. तोकड्या पावलावर उंच माणूस गुडघे वर खाली करीत राहतो, चालत नाही. लांब पावलावर ठेंगण्या बाईला प्रत्येक वेळी कंबर ताणावी लागते. आता अडचण अशी की आपल्या घरात यंत्र एकट्याचे नसते. मी पाच फूट नऊ इंच, सौभाग्यवती पाच फूट एक इंच. मग कोणाच्या मापाने घ्यायचे? पावलाची लांबी कमी-जास्त करता येणारी यंत्रे मिळतात, पण ती महाग. माझा सल्ला असा की ज्याचा सांधा दुखतो त्याच्या मापाने घ्यावे. धडधाकट माणूस थोडी गैरसोय सोसू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन पेडलांमधले अंतर. चालताना आपली पावले जवळजवळ एका रेषेत पडतात. पेडले फार फाकलेली असतील तर माणूस बदकासारखा डुलतो आणि अर्ध्या तासाने कंबर बोलू लागते. हे जाहिरातीच्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी दुकानात जाऊन, नेहमीचे बूट घालून, निदान दहा मिनिटे यंत्र चालवून पाहावे. दोन मिनिटांनी काही समजत नाही. साडीची खरेदी आपण तासभर करतो. इथे दहा मिनिटे मागायला संकोच कसला? दहा मिनिटांत पायांना मुंग्या येतात का, गुडघा पावलाच्या पुढे फार झुकतो का, हात सोडून उभे राहिले तर यंत्र डगमगते का, एवढे तरी उघड होते.

मग फ्लायव्हील. विक्रेता तिचे वजन सांगतो: चार किलो, सहा किलो, दहा किलो. जड चाक हालचाल गुळगुळीत ठेवते हे खरे, पण नुसत्या वजनावर भुलू नये. फिरत्या चाकातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. म्हणजे हलके चाक पट्ट्याच्या साहाय्याने जलद फिरविले तर ते जड पण संथ चाकाला सहज मागे टाकते. तेव्हा आकडा पाहू नये, पाऊल काय म्हणते ते पाहावे. पेडल वरच्या बिंदूवर येऊन अडखळते आणि मग ढकलावे लागते, असे वाटले तर ते यंत्र तिथेच सोडावे.

रोध दोन प्रकारचा असतो. स्वस्त यंत्रात चाकावर कापडी किंवा चामड्यासारखा पट्टा घासतो. तो झिजतो, तापतो, आवाज करतो. दुसऱ्या प्रकारात चुंबक चाकाजवळ आणतात. चाकाला तो शिवत नाही. धातूचे चाक चुंबकापुढून फिरू लागले की त्याच्या अंगात विजेचे लहान लहान भोवरे उमटतात आणि तेच त्याला मागे ओढतात. स्पर्श नाही म्हणून झीज नाही, आवाजही नाही. चुंबक तारेने आणि हाताच्या खटक्याने सरकविणारे यंत्र असले तर त्याला घरातली वीज लागत नाही; पडद्यापुरती दोन-चार बॅटरी सेल पुरतात. वीज गेली तरी व्यायाम थांबत नाही.

पडद्याविषयी थोडेच सांगतो, कारण त्याची योग्यताच थोडी. तिथे जळलेल्या कॅलरी दिसतात. सत्तर किलोचा माणूस मध्यम वेगाने अर्धा तास चालवीत असेल, तर रूढ हिशेबाने सुमारे १७५ कॅलरी खर्च होतात. पडदा याच्या दुप्पट दाखवू लागला, तर तो तुमची स्तुती करतो आहे असे समजावे, आणि त्या भरवशावर भडंगाची वाटी पुन्हा भरून घेऊ नये. श्रम किती होतात हे कळायला पडदा हवाच कशाला? बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढ्या वेगाला मध्यम श्रम म्हणतात. आपण विष्णुदास भाव्यांच्या सांगलीची माणसे. नाट्यपद आपल्या ओठांवर असतेच. दोन ओळी म्हणून पाहाव्यात. सुरात जमल्या तर वेग वाढवावा!

जागेचा विचार लोक जमिनीच्या बाजूने करतात, छताच्या बाजूने करीत नाहीत. पेडल सर्वांत वर असते तेव्हा जमिनीपासून वीस इंच उंच असेल आणि माणूस पाच फूट नऊ इंच असेल, तर डोके सात फूट पाच इंचांवर जाते. वर माळा असला तर टाळू आपटते. आणि पंख्याच्या पात्यांखाली यंत्र ठेवणे हा तर वेडेपणाच. आमच्या वसाहतीतल्या एका गृहस्थांनी पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र बसविले. उंची बरोबर मोजली, पण मे महिना मोजला नाही. आता ते दिवाळीनंतरच वापरतात. घरात लहान मूल असेल तर मागचे रूळ आणि चाके झाकलेली आहेत का ते आवर्जून पाहावे. रांगत्या मुलाची बोटे नेमकी तिथेच जातात. बायकांनी पदर आणि ओढणी खोचल्याशिवाय चढू नये.

यंत्रावर माणसाच्या वजनाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा ती वीस-पंचवीस किलोंनी तरी जास्त असावी. आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा नववा भाग खास या यंत्रांसाठी आहे. त्यात घरगुती यंत्राला ‘एच’ आणि व्यायामशाळेच्या यंत्राला ‘एस’ असा वर्ग आहे. कागदपत्रांत हा उल्लेख असला तर निदान कोणीतरी ते तपासले आहे असा अर्थ होतो.

एक राहिले. या यंत्राने दम वाढतो, स्नायूंचे बळ फारसे वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितला आहे. तिथे आपले जुने नमस्कार, भिंतीला टेकून काढलेले जोर, खुर्चीवरून उठबस, ज्याला जे झेपेल ते चालू ठेवावे.

आणि दुरुस्ती. दोन-तीन वर्षांत पेडलांच्या सांध्यातले बुश आणि बेअरिंगे झिजतात आणि यंत्र कुरकुरू लागते. इतर गावांत यासाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागेल. कुपवाडात मात्र लेथ चालविणाऱ्यांची वाण नाही. झिजलेला बुश घेऊन गेलात तर त्याच मापाचा नवा कातून मिळतो. विजेच्या पाटीचे तसे नाही. ती जळली आणि कंपनीने तो नमुना बंद केला असला, की सगळे यंत्र कपडे वाळत घालायची दांडी होते. म्हणून आपल्या गावापुरते तरी मी सांगेन की बटणे कमी आणि लोखंड जास्त असलेले यंत्र निवडावे. घेतल्यानंतर महिन्यातून एकदा सगळे नटबोल्ट आवळावे, पावसाळ्यात रूळ कोरड्या फडक्याने पुसावे आणि खाली जाड रबराची चटई घालावी. नाही तर पहाटे पाचला खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड जागे होते.