परदेशांतील यजमानांच्या घरीं

सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींनीं शिक्षणासाठीं परदेशीं जाणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. प्रवेशपत्र, व्हिसा, विमा, लोकरीचे कपडे, मेतकुटाचा डबा या सर्वांची तयारी महिनेच्या महिने चालते. परंतु ज्या घरांत आपलें मूल सकाळीं डोळे उघडणार, ज्यांच्या मेजावर जेवणार आणि ज्यांच्या न्हाणीघरांत स्नान करणार, त्या घरच्या रीतीभातींचा विचार मात्र क्वचितच होतो. वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्याचें एक वेळ त्यावांचून चालेल. पण एखाद्या कुटुंबांत राहावयास जाणाऱ्या मुलाचें वर्ष गोड होणें कीं कडू होणें हें बव्हंशीं त्यावरच अवलंबून असतें. म्हणून या विषयाकडे पालकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, यजमान कुटुंबें एकाच प्रकारचीं नसतात. शाळकरी मुलांची देवघेव करणाऱ्या कांहीं जुन्या संस्था आहेत. त्यांपैकीं ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही अमेरिकेंत १९३२ सालीं निघाली. पहिल्या महायुद्धांत रुग्णवाहिका चालविणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संस्थेनें दुसऱ्या महायुद्धानंतर हेंच कार्य हातीं घेतलें. रोटरीच्या योजनेंत तर मूल वर्षभरांत बहुधा एकाहून अधिक घरीं आळीपाळीनें राहतें. अमेरिकेंत अशा शालेय योजनांतील यजमानांस राहण्याजेवण्याबद्दल मोबदला मिळत नाहीं; तीं घरें हौसेनें परक्या मुलास आपलें म्हणतात. याउलट इंग्लंड-आयर्लंडमधील भाषाशाळांच्या विद्यार्थ्यांस ठेवून घेणारीं घरें आठवड्याचे पैसे घेतात. तिसरा प्रकार ‘ओ पेअर’चा. या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘बरोबरीच्या नात्यानें’ असा आहे. येथें तरुण मुलगी किंवा मुलगा घरांतील मुलें सांभाळतो आणि त्याबद्दल राहणें, जेवण व हातखर्च मिळतो. १९६९ सालच्या युरोपीय करारानें हें काम सामान्यतः दिवसाला पांच तासांहून अधिक नसावें व आठवड्यांतून निदान एक पूर्ण दिवस सुटी असावी असें ठरविलें. निरनिराळ्या देशांचे आपापले नियम आहेतच. आपलें मूल यांपैकीं कोणत्या घरीं जात आहे हें आईबापांस नेमकें ठाऊक असावें. तथापि तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. तें मूल तेथें चार दिवसांचा पाहुणा नसतें.

आपल्याकडे ही कल्पना अगदींच नवी नाहीं. पुण्यांत वार लावून जेवणारे गरीब विद्यार्थी आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढींत घरोघर दिसत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं असें जेवून त्यांनीं विद्या संपादन केली. कोणत्या घरीं पान कोणी मांडावयाचें, कोठें बोललेलें चालतें आणि कोठें मुकाट्यानें जेवावें लागतें, हें त्या मुलांस कोणी शिकविलें नव्हतें. डोळे उघडे ठेवून तीं तें शिकत. तेंच आज समुद्रापलीकडे करावयाचें आहे, इतकाच फरक.

या बाबतींत दोन प्रसिद्ध उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कला पोहोंचल्या, तेव्हां त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनीं एका मासिकांत गोपाळरावांचें पत्र छापलेलें वाचून स्वतः होऊन पत्रव्यवहार सुरू केला होता. फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयांत जाण्यापूर्वीं आनंदीबाई या कुटुंबांतच राहिल्या. त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं कीं लुगडें टाकलें नाहीं. तरीहि त्या घरीं त्या परक्या राहिल्या नाहींत. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांच्या अस्थि अमेरिकेस पाठविण्यांत आल्या. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत त्या आजहि आहेत. यजमानघरानें पाहुण्या मुलीस आपल्या पूर्वजांशेजारीं जागा द्यावी, याहून मोठी आपुलकी ती कोणती?

दुसरें उदाहरण महात्मा गांधींचें. १८८८ सालीं लंडनास गेलेल्या या तरुणानेंहि आईस मांस न खाण्याचें वचन दिलें होतें. तो प्रथम ज्या घरीं राहिला, तेथील यजमानीणबाईस या मुलास काय वाढावें हें कळेना. सकाळची लापशी पोटभर होई. पण दोन्ही वेळच्या जेवणांत पालेभाजी, पाव आणि मुरंबा एवढेंच मिळे. पावाचे दोन-तीन तुकडे झाल्यावर आणखी मागण्याची त्याला लाज वाटे. नंतर तो एका विधवा बाईच्या घरीं राहिला; तिच्या मुली आपण होऊन एखादा तुकडा अधिक वाढीत. पण त्याची भूक अख्ख्या पावाची होती! हें त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत लिहिलें आहे. पुढें फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सांपडली, तेव्हां कोठें त्यांस पोटभर जेवण मिळालें. दोघांचाहि नेम सारखाच होता. तेव्हां आपला आचार हा परक्या घरीं रुळण्याच्या आड येत नाहीं. आड येतो तो संकोच.

या संकोचाचें मूळ आपल्या आग्रहाच्या चालींत आहे. आपल्या घरीं पाहुणा प्रथम ‘नको’ म्हणतो, यजमानीण ‘घ्या हो, एवढ्यानें काय होतें’ म्हणून आणखी वाढते आणि दोघांनाहि त्या ‘नको’चा अर्थ ठाऊक असतो. अमेरिकेंत किंवा जर्मनींत एकदां ‘नको’ म्हटलें कीं भांडें पुढें जातें. त्यांत माया कमी असते असें नव्हे. दुसऱ्याच्या शब्दाचा मान राखणें हीच तेथील माया. आपला मुलगा मात्र अर्धपोटीं उठतो आणि यजमानीण मनांत म्हणते, याला माझा स्वयंपाक आवडत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वींच ‘हवें’ आणि ‘नको’ स्पष्ट म्हणावयास शिकवावें. आपण काय खातों व काय खात नाहीं, अंडें चालतें कीं नाहीं, हें यजमानांस आधींच पत्रानें कळवावें. नुसतें ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाहीं. जपानांत भाजीच्या रश्शाचें पाणीहि पुष्कळदां सुक्या माशाच्या अर्काचें असतें, आणि यजमानीणबाईच्या मनांत त्यांत मासा आहे असें येतहि नाहीं.

स्नानाची गोष्टहि अशीच. पाश्चात्य घरांतील न्हाणीघरास बहुधा मोरी नसते. पाणी बाहेर उडालें तर तें वाहून जात नाहीं. जमीन कुजते व खालच्या मजल्याच्या छतास डाग पडतो. म्हणून फवाऱ्याखालीं उभें राहतांना पडदा टबाच्या आंत सोडावा आणि बादली-तांब्याची संवय विसरावी. गरम पाण्याची टांकी सर्वांत मिळून एकच असेल, तर पंधरा मिनिटांचें स्नान म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचें पाणी. जपानांत तर अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच टबांत बसावयाचें असतें, कारण त्याच पाण्यांत घरांतील सर्वजण क्रमानें बसतात. तेथें आपलें स्नान आटोपतांच पाणी सोडून दिलें, तर मागून येणारांचा विरस होतो. जर्मनींत रात्रीं दहानंतर आणि रविवारीं दिवसभर शांतता पाळण्याचा कटाक्ष असतो. कागद, कांच, ओला कचरा हीं वेगवेगळ्या डब्यांत टाकावीं लागतात. या गोष्टी लहान दिसतात. परंतु ‘हें मूल आमच्या घराची कदर करतें’ अशी खात्री यजमानांस पटते ती अशाच गोष्टींवरून.

कामाविषयीं थोडें स्पष्टच लिहितों. तेथें बहुतेक घरीं मोलकरीण नसते. जेवणानंतर आपली ताटली धुण्याच्या यंत्रांत ठेवणें, अंथरूण आवरणें, आपले कपडे धुणें, आठवड्यांतून एकदां झाडणें, हें घरच्या मुलांप्रमाणेंच पाहुण्या मुलानेंहि करावयाचें असतें. जो मुलगा खुर्चीवर बसून राहतो त्याला कोणी बोलत नाहीं. पण त्याचें पाहुणेपणहि कधीं सरत नाहीं. आठवड्यांतून एखादे दिवशीं यजमानांस पोहे किंवा खिचडी करून घालावी. मात्र फोडणी देतांना खिडकी उघडावी, नाहीं तर धुरानें आगीची घंटा वाजून शेजारीपाजारी जमतील! आणि ओटा पुसल्यावांचून स्वयंपाकघर सोडूं नये. आपल्याकडे घरच्या माणसांचे आभार मानणें परकेपणाचें वाटतें. तेथें तेच शब्द रोजचे आहेत. ते तोंडांतून सहज निघेपर्यंत मुद्दाम म्हणावे. यजमानांस नांवानें हांक मारावयाची कीं आणखी कशी, हें पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें.

आतां आईबापांस दोन शब्द. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओवर मुलाचें तोंड पाहण्याची सोय झाली आहे; पण ज्या घटकेस तें आपल्याशीं बोलतें, त्याच घटकेस तें यजमानांच्या मेजावरून उठलेलें असतें. पहिले दोन महिने कठीण जातात. त्या दिवसांत आईचा आवाज रोज ऐकून रडूं थांबत नाहीं, उलट लांबतें. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो पाळावा.

परंतु सर्वच घरें चांगलीं असतात असेंहि नव्हे. कोठें ठरल्याहून अधिक राबविलें जातें, कोठें उपाशी ठेवलें जातें, तर कोठें मुलीस एखाद्याचें वागणें भय वाटावें असें असतें. अशा वेळीं ‘लोक काय म्हणतील, सोसून घे’ हा उपदेश घातक होय. पासपोर्ट मुलाच्याच ताब्यांत असावा, संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनि-क्रमांक पाठ असावा आणि घर बदलून मागण्यांत कमीपणा नाहीं हें त्यास निघण्यापूर्वींच सांगितलेलें असावें. गैरसोय आणि अन्याय यांतील भेद मुलास कळला पाहिजे. पहिली सोसण्यानें माणूस घडतो, दुसरा सोसण्यानें मोडतो.

हें सर्व शिक्षण विमानतळावर देतां येत नाहीं. त्याचा आरंभ आपल्याच स्वयंपाकघरांत व्हावयास हवा. ज्या घरीं सतरा वर्षांच्या मुलाचें ताट अजून आई उचलते, त्या घरानें जाण्याच्या सहा महिने आधींपासून तें त्याच्या हातीं द्यावें. मुलींना हें शिकवावें लागत नाहीं असें समजून केवळ मुलाकडे कानाडोळा करणाऱ्या मातांस तर आमची ही विशेष विनंती आहे.