पाण्याला नाकारणारी वाळू

समुद्रकिनारी ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, तो पाण्याच्या जोरावर. कणांच्या सांध्यांत अडकलेले पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. वाळू पूर्ण सुकली किंवा पाण्याने पूर्ण भरली, की हे बंधन सुटते. याच वाळूवर सिलेनसारख्या रसायनाचा अतिसूक्ष्म लेप चढविला, तर ती जलविरोधी बनते.

दोन्ही वाळूंचे कण सारखेच. सिलिकाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५, तेही जवळजवळ तेच. बदलतो तो पाणी आणि कण यांच्यातील संपर्ककोन. स्वच्छ सिलिकावर तो अगदी लहान असतो. जलविरोधी कणावर ९० अंशांहून अधिक. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीसारखी पोकळी घेतली, तर स्वच्छ सिलिकात केशाकर्षणाने पाणी सुमारे ३० सेंटिमीटर वर चढते. संपर्ककोन ११० अंश असल्यास मात्र, पाणी आत ढकलण्यासाठीच सुमारे १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब द्यावा लागतो.

म्हणूनच बांधकामाखाली जलविरोधी वाळूचा थर देऊन जमिनीतून वर चढणारी ओल अडविता येते. मात्र हा थर म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. साचलेल्या पाण्याचा दाब मर्यादेपलीकडे गेला, की पाणी आत घुसतेच. पोकळ्या जितक्या मोठ्या, तितकी ही मर्यादा कमी.

भार पेलण्याचे काय? कोरड्या अवस्थेत दोन्ही वाळूंची ताकद कणांच्या घर्षणावर आणि परस्परांत अडकण्यावर अवलंबून असते. लेपामुळे हे घर्षण काहीसे घटू शकते. शिवाय ओल्या वाळूला मिळणारी चिकटण्याची शक्तीही जलविरोधी वाळूला लाभत नाही.

निसर्गातही असे थर तयार होतात. वणव्यात जळणाऱ्या पालापाचोळ्यातील मेणचट द्रव्यांची वाफ जमिनीत उतरून थंड कणांवर गोठते. मग पावसाचे पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावते आणि माती-दगड सोबत नेते. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये पेटलेल्या थॉमस वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ रोजी जोरदार पाऊस झाला. जळालेल्या डोंगरांवरून माँटेसिटो येथे चिखल-दगडांचा लोंढा आला व २३ जणांचे प्राण गेले. अशा आपत्तींमागे इतर कारणांबरोबर जमिनीची ही जलविरोधी वृत्तीही असते.

पायाखाली जो गुण ओल रोखतो, तोच उतारावर घातक ठरतो. त्यामुळे अशी वाळू वापरण्यापूर्वी अडविलेले पाणी कोठे जाणार, हे अभियंत्याने आधी ठरविले पाहिजे.